आधी दाब पडला, मग ठोके वाढले

शस्त्रक्रियागृहातल्या कोणत्याही दोन यंत्रांचे वेळेबाबत एकमत नसते. ही तक्रार नाही. माझे सगळे काम याच वाक्यावर उभे होते. रुग्णाच्या बोटाचा चिमटा आणि दंडाचा पट्टा ज्या मॉनिटरला जोडलेला असतो त्याचे घड्याळ निराळे, औषध हळूहळू ढकलणाऱ्या सिरिंज पंपाचे निराळे, टेबलावरच्या दिव्याशेजारी बसवलेल्या कॅमेऱ्याचे निराळे. वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर उशीर झाला, की यांतले एखादे आपली वेळ विसरून नव्याने मोजायला लागते. प्रत्येक यंत्र आपल्यापुरते खरेच सांगते. पण अशा तीन खऱ्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर त्यांतून एक संपूर्ण खोटी हकीकत तयार होऊ शकते. आधी काय घडले आणि नंतर काय, हेच उलटे होते. ते सरळ करणे हे माझे काम.

मी पुण्यात जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकले. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात माझ्या ‘मले’ला हशा पडला, म्हणून ‘मला’ म्हणायला शिकले. तेही मन लावून, कारण मला अभ्यासाइतकेच तेही परीक्षेसारखे वाटले. पुढच्या संशोधनासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात परत आले. घरच्यांना वाटले, मातीची ओढ. तसे काही नव्हते. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत सगळी यंत्रे एकाच जाळ्यात बांधलेली असतात. तिथे माझ्या पद्धतीची कुणाला गरज नव्हती. इथल्या तालुक्याच्या गावातल्या खासगी रुग्णालयात मॉनिटर एका कंपनीचा, पंप दुसऱ्या कंपनीचा आणि तोही कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला. माझा प्रश्न इथेच होता, म्हणून मी इथे आले. मला नाव करायचे होते आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पद्धत सोपी होती. शस्त्रक्रियेच्या आधी थिएटरच्या सिस्टरने कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे, स्वतःच्या बोटाला लावलेला चिमटा एका हाताने खेचून काढायचा आणि नेमके त्याच क्षणी दुसऱ्या हाताने पंपाचे बटण दाबायचे. मॉनिटरवर नाडीची रेघ तुटते, पंपात बटणाची नोंद पडते, कॅमेऱ्याला दोन्ही हात दिसतात. तिन्ही यंत्रांनी एकच क्षण पाहिला, की बाकीचे सगळे क्षण त्या एका खुणेवरून जुळवता येतात. शेवटी पुन्हा तसेच करायचे, म्हणजे मधल्या काळात कोणते घड्याळ किती सरकले तेही कळते. सिस्टरने या प्रकाराला ‘टाळी’ असे नाव ठेवले होते. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, त्या थिएटरच्या खऱ्या मालकीण त्याच होत्या.

“थांबा बापा,” त्या डॉक्टरांनाही अडवायच्या. “मॅडमची टाळी राह्यली. टाळीबिगर पोटाले हात लावाचा नाही.”

“तुमच्या मॅडमला सांगा, एक दिवस पेशंटकडूनच टाळी वाजवून घेऊ,” डॉक्टर हातमोजे चढवत म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायची. परवानगी त्यांच्या हातात होती.

माझ्या मांडणीत एका घड्याळाला जागा नव्हती: दारावरच्या, भिंतीवरच्या गोल घड्याळाला. त्याला तार नव्हती, त्यातून आकडे बाहेर काढता येत नव्हते. ते माझ्या लेखी यंत्रच नव्हते. पण थिएटरमधला प्रत्येक माणूस त्याच्याकडेच बघत असे. भूल देणारे डॉक्टर हाताने जो तक्ता लिहीत, त्यातली प्रत्येक वेळ त्या घड्याळावरून घेतलेली असे. आणि बाळ जन्मले की सिस्टर त्याच घड्याळाकडे बघून मोठ्याने वेळ सांगत.

माझ्या वहिनीचे नाव याच थिएटरच्या शस्त्रक्रियांच्या यादीत येईल असे मी धरले नव्हते. बाळ आडवे होते, म्हणून नियोजित सिझेरियन ठरले. आमचे गाव जळगाव जामोदकडचे, सातपुड्याच्या पायथ्याशी. माझे काम चाललेले रुग्णालय घरच्यांना ‘आपल्या पोरीचा दवाखाना’ वाटत होते. बाबा ज्योतिष्यांकडे जाऊन आले आणि डॉक्टरांसमोर बसून म्हणाले, “तारीख तुमी ठरवा साहेब. येळ आमी आनली हाय.” मुहूर्त पावणेअकराला लागत होता आणि अकरा वाजायच्या आधीच संपत होता. डॉक्टरांनी मान डोलावली. अशी मागणी तिथे रोजची. मी आक्षेप घेतला. बाबा म्हणाले, “तू मशीनचं पाय. हे आमाले पाहू दे.” शास्त्रीयदृष्ट्या त्या दहा-पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही, असे डॉक्टरांनीही मला सांगितले. सगळे ठीक असेल, तर खरोखर बिघडत नाही.

वहिनीचे माहेर रोहिणखेडजवळ, मोताळा तालुक्यात. ती कशी बाई आहे हे सांगायला मला एकच प्रसंग पुरतो. एकदा आमच्या कांद्याच्या चाळीत मोहोळ उठले. दादा, आई, मी, कामावरच्या बाया, सगळे ओरडत पळालो आणि सगळे सुजलो. वहिनी पदर तोंडावर घेऊन, एकेक पाऊल टाकत, चालत बाहेर आली. पळणाऱ्याच्या मागे माश्या लागतात, एवढेच तिने नंतर सांगितले. तिला एकच डंख होता, मनगटावर.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी थिएटरमध्ये नव्हते. घरच्या माणसाच्या शस्त्रक्रियेत मी आत थांबणार नाही, हा नियम माझाच. निरीक्षक आणि नातेवाईक या दोन भूमिका एकाच वेळी एका माणसाने करू नयेत, असे मी माझ्या प्रस्तावात स्वच्छ लिहिले होते. इतर रुग्णांप्रमाणे वहिनीनेही नोंदी घ्यायला संमती दिली होती. त्या दिवशीची टाळी सिस्टरने माझ्याशिवाय दिली.

आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. बाबा मनगटावरच्या घड्याळावर डोळे लावून बसले होते. पावणेअकरा झाले तेव्हा त्यांनी हात जोडले. थोड्या वेळाने म्हणाले, “आता झालं असंल.” आतून रडण्याचा आवाज आला नाही. मुहूर्ताची वेळ सरली. बाबांनी घड्याळ कानाला लावले, मग दादाच्या मोबाइलवर वेळ बघितली. दोन्ही वेळा सारख्याच होत्या. त्यानंतर काही वेळाने सिस्टर बाहेर आल्या. चेहरा घामाने डबडबलेला.

“पोरगा झाला. मुहूर्तावर झाला, बरोबर पावनेअकरावर दोन मिन्टं.”

“मुहूर्तावर?” बाबांनी मनगटाकडे पाहिले.

“आतल्या घड्याळात पाहून सांगतो ना बापा.”

“मंग माझंच पुढं असंल,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या घड्याळाची किल्ली ओढून काटे मागे केले. मोबाइलचे काय, हे त्यांनी स्वतःला विचारले नाही. पेढ्याचा पुडा उघडला गेला. बाळ रडले नव्हते, हे त्यानंतर कळले.

बाळाला अकोल्याला हलवले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “ऑपरेशन व्यवस्थित झालं. फक्त पेशंट फार घाबरली. भीतीनं बीपी एकदम पडलं, त्यामुळे बाळाला थोडा त्रास झाला.” वाक्य सौम्य होते, आवाजही सौम्य होता. पण त्या वाक्यात एक कर्ता होता आणि ती माझी वहिनी होती.

बाळ वाचले. घरी आले. पण मान धरेना. शेजारच्या घरातली, त्याच्या मागून जन्मलेली मुले उपडी पडू लागली तरी याचे डोके खांद्यावरून कलंडायचे. आणि आमच्या घरात त्या एका वाक्याला पाय फुटले. प्रथम आई म्हणाली, “भेली म्हन्ते थे.” मग आत्या आल्या आणि वहिनीसमोरच विचारून गेल्या, “काऊन वो भेली इतकी? आमी काय जनलंच नाही का?” भाजी निवडायला बसलेल्या बायांत तो विषय झाला. दादा गप्प. तो वाईट माणूस नाही. त्याला गप्प राहणे जमते, एवढेच. वहिनी कुणालाच उत्तर देत नव्हती. ती बाळाच्या मानेखाली हात धरून बसायची आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम मोजून करायची.

मग आईने ठरवले, की वहिनीने बाळाला घेऊन माहेरी जावे, ‘लेकरू सुदरेपर्यंत’. लेकरू कधी सुधारणार हे कुणीच सांगू शकत नव्हते, त्यामुळे ते वाक्य किती लांबीचे आहे हे घरात प्रत्येकाला समजत होते. आई वाईट बोलत नव्हती, हे सगळ्यात वाईट. ती काळजीच्या सुरात म्हणत होती, “तिच्या मनातलं भेव लेकराले लागलं. तिच्या मायपाशी गेली तं निवंल.” जणू भीती हा पान्ह्यातून जाणारा आजार होता.

तोवर मी वहिनीची फाइल उघडली नव्हती. माझ्याकडे सगळे रुग्ण क्रमांकाने असतात, आणि तो क्रमांक मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. आता उघडली. प्रथम रुग्णालयाचे कागद पाहिले, कारण डॉक्टर ज्यावर बोलत होते ते तेच. हाताने लिहिलेल्या तक्त्यात नोंद होती: रुग्ण घाबरली आहे, मळमळ सांगते. मॉनिटरच्या छापील कागदावर रक्तदाब एकदम खाली आल्याची वेळ होती. पहिली नोंद दुसरीच्या काही मिनिटे आधीची. आधी भीती, मग दाब. कागदांवरून डॉक्टरांचे वाक्य तंतोतंत खरे ठरत होते. ते खोटे बोलले नव्हते, हे मी इथे स्पष्ट लिहिते.

मग मी माझे काम केले. टाळीवरून मॉनिटर, पंप आणि कॅमेरा एका रेषेवर आणले; कॅमेऱ्याची वेळ मी रोज मोबाइलशी मिळवून ठेवत असे. शेवटच्या टाळीशी ताडून पाहिले. सरकणे नगण्य होते. आता राहिला तो हाताने लिहिलेला तक्ता, ज्याची वेळ भिंतीवरच्या घड्याळाची, आणि भिंतीवरचे घड्याळ माझ्या कोणत्याच यंत्राला जोडलेले नव्हते. मी चित्रफीत मागेपुढे करत होते. एका ठिकाणी कुणीतरी दिवा सरकवला आणि त्यासोबत कॅमेराही वळला. कोपऱ्यात दार आले आणि दारावर ते गोल घड्याळ. काटे स्वच्छ दिसत होते.

ते दहा मिनिटे मागे होते.

मी तक्त्यातली प्रत्येक नोंद दहा मिनिटे पुढे सरकवली. एवढी एकच दुरुस्ती. आणि हकीकत उलटी झाली. आधी दाब पडला. कमरेत भूल दिल्यावर तो पडू शकतो. कुठल्याही बाईचा, कितीही धीराची असली तरी. त्यानंतर नाडीचे ठोके वाढले, कारण दाब पडला की हृदय जोरात धावते. आणि त्यानंतर, सगळ्यात शेवटी, तक्त्यातली ती नोंद: रुग्ण घाबरली आहे.

आवाजाची फीतही होती. मॉनिटर वाजायला लागतो. वहिनीचा आवाज येतो, अगदी सपाट, चाळीतून चालत बाहेर येतानाचा. “सिस्टर, मले मळमळून राह्यलं. डोयापुढं अंधारी आली.” ती तक्रार करत नाही, कळवते. सिस्टर म्हणतात, “घाबरू नका बाई, मुहूर्त लागूनच राह्यला.” कुणीतरी मॉनिटरचा आवाज बंद करते. पंप सुरू होतो, दाब थोडा वर येतो, पुन्हा उतरतो. डॉक्टर विचारतात, “लागला का?” सिस्टर भिंतीकडे बघून सांगतात, “अजून नाही सर.” थोड्या वेळाने पुन्हा तेच. “लागला?” “नाही, लागंलच आता.”

त्या संवादाच्या वेळी खरे पावणेअकरा होऊन गेले होते. मुहूर्त लागला होता. भिंतीवरचे घड्याळ मुहूर्तापर्यंत पोचेपर्यंत तो संपतही आला होता, आणि बाळ बाहेर आले तेव्हा तो संपलेला होता. ज्यासाठी सगळे हात वर धरून थांबले होते, ते त्यांच्या समोरून निघून गेले होते.

या थांबण्यामुळेच बाळाची मान धरत नाही, असे मी म्हणू शकत नाही. माझ्या आकड्यांत कारण नव्हते, क्रम होता. पण वहिनीवरचा आरोपही क्रमाचाच होता, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर होते.

मी सिस्टरना विचारले, घड्याळ मागे का आहे. त्या चकितच झाल्या. मी विचारले म्हणून, घड्याळ मागे आहे म्हणून नव्हे.

“भूलवाल्या साहेबांसाठी ना. थे चार गावं फिरून येतात, दहाले कवाच पोचत नाहीत. आन् नियम तं दहाचा हाय. मंग लिवाचं काय? म्हून काटा मागं ठेवतो. थे आले का दहा वाजतात.”

“म्हणजे घड्याळ खोटं आहे.”

“खोटं कायले? घड्याळ इथलं हाय. आमी सगळे त्याच्यावरच चालतो.”

“आणि मुहूर्ताच्या बायका?”

“त्याईले बी थेच घड्याळ. आजपावतर एकानंही तक्रार केली नाही, मॅडम.”

करणार कशी? ज्याच्यावरून वेळ सांगितली, त्याच्यावरूनच पत्रिका झाली. त्या घड्याळाशी ताडून पाहायला दुसरे घड्याळ असलेला माणूस बाहेरच्या बाकावर असायचा, आणि तोही बाबांसारखा स्वतःचे काटे मागे करायचा.

डॉक्टरांनी माझा आलेख शांतपणे पाहिला. ते हुशार आहेत. मला एकही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही.

“उत्तम काम आहे,” ते म्हणाले. “फक्त ही केस वगळ.”

“का सर?”

“तू नातेवाईक आहेस. निरीक्षक आणि नातेवाईक, दोन्ही एकाच वेळी होता येत नाही. तूच लिहिलं आहेस ना?” त्यांनी माझाच प्रस्ताव माझ्याकडे सरकवल्यासारखा हात केला. “आणि एक विचारू? थांबायचा आग्रह कुणाचा होता? माझा होता?”

“तुम्ही नाही म्हणू शकला असता.”

“हो. मग तुझे वडील दुसऱ्या दवाखान्यात गेले असते. तिथेही एक घड्याळ असतंच.”

मला त्यांचा राग येतो तो याच वाक्यामुळे, कारण ते बरोबर होते. ती केस मी वगळली नाही. त्या महिन्यानंतर थिएटरमध्ये रंगकाम निघाले, माझा कॅमेरा उतरवून ठेवला गेला आणि तो परत कधी बसवायचा ते कुणी ठरवले नाही.

मी लॅपटॉप घेऊन घरी गेले. दुपारची जेवणे झाली होती. ओसरीवर बाबा, आई, दादा; वहिनी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी, बाळ मांडीवर. तिची बॅग भिंतीशी भरून ठेवलेली होती. मी तीन रेघा दाखवल्या आणि प्रमाण भाषा बाजूला ठेवून, मला येते त्या भाषेत सांगितले. फीत मुद्दाम लावली नाही. वहिनीला तो आवाज पुन्हा ऐकवायचा नव्हता. दादा पडद्याकडे बघत होता पण त्याला दिसत नव्हते. आईला रेघा कळत नव्हत्या. बाबांना कळले. ते आयुष्यभर पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवत आले आहेत. कुणाचे पाणी आधी सुटले यावरून होणारी भांडणे त्यांनी मिटवली आहेत. आधी काय आणि नंतर काय, याची किंमत त्यांना सांगावी लागत नाही.

“म्हंजे कागदावर जे आधी दिसते,” ते बोट ठेवून म्हणाले, “थे आधी झालंच नाही.”

“हाव बाबा.”

“पयले दाब पडला. मंग हे.”

“हाव.”

“मंग थे भेली म्हून काही झालं नाही?” आईने विचारले.

“नाही. थे भेलीच नव्हती.”

वहिनीने मान वर केली नाही, पण तिचा बाळाच्या डोक्याखालचा हात थांबला. मला वाटले, झाले. मी इतक्या वर्षांत एवढ्या स्वच्छपणे काहीच सिद्ध केले नव्हते.

बाबा अजून पडद्याकडे पाहत होते. “म्हंजे पोरगं पावनेअकराले झालंच नाही.”

“नाही.”

“मंग कवा झालं?”

मी सांगितले. सेकंदासह सांगितले, कारण मला ते येत होते. बाबांनी मनगट वर केले. “पाय,” ते आईला म्हणाले, “माझं घड्याळ बरोबर होतं. मी उगाच मागं केलं.” त्यांच्या आवाजात समाधान होते, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. मग ते उठले आणि खुंटीवरची टोपी काढून झटकू लागले.

“बाबा, वहिनीचं काय?”

“थांब जरा. पत्रिका चुकीच्या येळेवर बनली हाय. पयले थे पाहू दे.”

दुसऱ्या दिवशी ते माझी वेळ घेऊन ज्योतिष्यांकडे गेले. अचूक वेळ मिळाल्याने ज्योतिषी खूश झाले म्हणे. एवढी नेमकी वेळ त्यांना कधी कुणी आणून दिली नव्हती. त्यांनी नव्याने मांडणी केली. मुहूर्त टळल्यावर लगेच लागणारा काळ वाईट होता. त्या वेळेचे मूल पहिली काही वर्षे बापाच्या घरी वाढू नये, आजोळी वाढावे, असे निघाले.

आईने बॅग उघडलीच नव्हती, त्यामुळे ती पुन्हा भरावी लागली नाही. आता वहिनीला कुणी भित्री म्हणत नव्हते. उलट आईने तिला जवळ घेतले आणि डोळे पुसले. “तुह्या हातचं काही नवतं बाई. येळच तशी होती.” आरोप मागे घेतला गेला आणि शिक्षा होती तशीच राहिली. फक्त तिला आता माझा पुरावा जोडलेला होता.

जळगाव जामोदच्या स्टँडवर दादाने बॅग वर ठेवली आणि तो चहा आणायला गेला, जो त्याने आणला नाही. वहिनी खिडकीशी बसली. बाळाचे डोके तिच्या तळहातात.

“ताई, मी भेली नवती ना?”

“नाही वहिनी. आधी दाब पडला, मग ठोके वाढले.”

“मले माहीतच होतं. मी तं आतच होती.” तिने पिशवी पुढ्यात ओढली. “थो कागद मले द्या. अकोल्याच्या डॉक्टरले दाखवतो. त्याले तरी कामात येईन.”

मी तिला छापील आलेख दिला. तिने तो बाळाच्या औषधांच्या पिशवीत, चुरगळणार नाही असा उभा ठेवला. त्या आलेखाचा नीट उपयोग करणारी ती एकटीच निघाली.

पाच-सहा महिन्यांनी बाबांचा फोन आला. चुलतभावाच्या बायकोचे सिझेरियन ठरले होते, त्याच रुग्णालयात.

“मुहूर्त काढला हाय. तू एक दिवस येजो. त्याईचं घड्याळ जरा मिळवून दे. तुले जमते थे. एक मिन्टाचा फरक नाही झाला पायजे.”

मी म्हटले, “येते. घड्याळ सेकंदाला मिळवून देते. पण आधी वहिनीला आणि बाळाला घरी आणा.”

बाबा समजावणीच्या सुरात म्हणाले, “थे येगळं हाय, माय.”

मी फोन ठेवला. दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या आहेत की एकाच रेषेवर, हे शोधण्यात मी माझी सगळी उमेदीची वर्षे घातली आहेत. बाबांना त्यासाठी टाळीसुद्धा लागली नाही.